गौण खनिज

जुहूत राहणाऱ्या माणसाला दगडाची आठवण सहसा येत नाही. इथे सारे वाळूचे वैभव. पाहुणा आला की त्याला चौपाटीवर न्यायचे, भेळ खाऊ घालायची, जुन्या विमानतळाच्या कुंपणाकडे बोट दाखवून १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते हे सांगायचे, की यजमानाचे कर्तव्य संपले. पण मित्रहो, ज्या रस्त्याने आपण त्या पाहुण्याला नेतो त्याच्या पोटात खडी आहे. आपण ज्या वर्गात बसतो त्याच्या स्लॅबमध्ये खडी आहे. ही सारी खडी कोणी तरी फोडली, कोणी तरी डोक्यावरून वाहिली. आमच्या घरापुरते सांगायचे तर ती माझ्या आजीने फोडली आणि आजीनेच वाहिली.

आम्ही वडार. माती वडार, गाडी वडार, जाते वडार अशा आमच्यात पोटशाखा आहेत. घरातली म्हातारी माणसे अजून तेलुगूच्या वळणाची वडारी बोलतात आणि आम्ही नातवंडे त्यांना मराठीत उत्तर देतो. आजी, म्हणजे माझ्या आईची आई, मूळची सोलापूर जिल्ह्यातली. दगड तिला माहेरापासून ठाऊक. पण दगडाची मजुरी स्वतःच्या हातात घेण्याचा प्रसंग तिच्यावर आला तो १९७२ च्या दुष्काळात. त्या वर्षी महाराष्ट्रात लाखो माणसांनी सरकारी कामावर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. आजी ज्या खडी केंद्रावर होती तिथे गावच्या साऱ्या जातींच्या बायका आल्या होत्या, ज्यांनी कधी बांधाबाहेर पाऊल टाकले नव्हते त्यासुद्धा. आजी हे सांगताना अजून हसते. “त्या बायांची बोटं पहिल्याच दिवशी फुटली. मग मीच त्यांना शिकवलं, सायकलच्या ट्यूबचं कडं करायचं, त्यात दगड धरायचा, आन् हातोडा मनगटातनं सोडायचा, खांद्यातनं नाही. तेवढे सा-आठ महिने मी मास्तरीण होते बघ.”

त्या सहा-आठ महिन्यांची आणखी एक गोष्ट तिला पक्की आठवते. तिथे मस्टर होते आणि मस्टरवर तिचे नाव होते. आजोबांचे निराळे, तिचे निराळे. पगाराच्या दिवशी कारकून नाव पुकारायचा आणि ती पुढे होऊन अंगठा द्यायची. अंगठ्याची शाई दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नसे, आणि ती घालवायची तिला घाईही नसे.

दुष्काळ सरला, पण गाव पुन्हा उभे राहिले नाही. आजोबा आणि आजी मुंबईला आले. अंधेरी, जोगेश्वरी, कांदिवली, मुलुंड अशी उपनगरे तेव्हा झपाट्याने वाढत होती, आणि ज्या टेकड्यांच्या कुशीत ती वाढत होती त्याच टेकड्या फोडून त्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. कांदिवली पूर्वेला आजही एका वस्तीचे नाव वडारपाडा आहे. मुंबईचा दगडाशी संबंध तसा जुनाच. फोर्टमधले वस्तुसंग्रहालय आपण सहलीला जाऊन पाहतो. जॉर्ज विटेटने आखलेली ती इमारत कुर्ल्याच्या करड्या बेसाल्टची आणि मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. विटेटचे नाव इतिहासात राहिले ते योग्यच झाले. कुर्ल्याला आणि मालाडला तो दगड कोणी काढला, हा प्रश्न सहलीच्या वहीत कोणी लिहून घेत नाही.

दगडाचे वय पाहायचे असेल तर आपल्या कॉलेजपासून फार दूर जावे लागत नाही. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंचीचा हा काळ्या बेसाल्टचा सुळका साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे आणि त्याचे खांबासारखे उभे पैलू असे की जगात असे नमुने मोजके. अमेरिकेतल्या वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा त्याचा नातेवाईक. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २००७ साली महापालिकेने त्याला वारसा यादीत घेतले. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. आजीला एकदा आम्ही तिथे नेले तेव्हा ती देवीपेक्षा सुळक्याच्या कडेकडेच अधिक बघत होती. “ह्याचा दगड उभा फुटतो,” एवढेच ती म्हणाली. भूगोलाच्या पुस्तकात तीन परिच्छेद खर्चून सांगितलेली गोष्ट तिने चार शब्दांत सांगितली. असो.

मुंबईच्या खाणीत मात्र आजीचे नाव कुठेच नव्हते. याचे कारण समजून घ्यायला खाणीचा हिशोब कसा चालतो ते पाहिले पाहिजे. सुरुंग लावून डोंगराचा कडा पाडतात. मोठे धोंडे पुरुष घणाने आणि पहारीने फोडतात, त्याचे डबर होते. डबराची खडी बायका हातोड्याने करतात, किंवा पाटीत भरून ट्रकपर्यंत, क्रशरपर्यंत नेतात. मजुरी दिवसावर नसते. ती ब्रासवर असते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आणि ब्रास भरायचा तो जोडीने: नवरा, बायको, आणि हात चालायला लागलेली मुले. हिशोब जोडीचा, पण जोडीचे नाव म्हणजे नवऱ्याचे नाव. उचल त्याच्या नावावर, आठवड्याचा पैसा त्याच्या हातात. ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. खाणीतही तीच रीत आहे, फक्त कोयत्याऐवजी ब्रास.

मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने गणिताशी माझे फारसे सख्य नाही, तरी एकदा बसून हिशोब केला. एक ब्रास खडी म्हणजे वजनाने साधारण साडेचार टन. वीस किलोची एक पाटी धरली तर सव्वादोनशे खेपा. वाकायचे, भरायचे, चुंबळीवर घ्यायचे, चालायचे, रिकामे करायचे, परत यायचे. हे सव्वादोनशे वेळा, तेव्हा एक ब्रास. या कामाला खाणीत ‘हलके काम’ म्हणतात. घण मारणे ते जड. कोणत्या कामाला हलके म्हणायचे हे ज्यांनी ठरवले त्यांनी एकदा पाटी उचलून पाहावी असे मला वाटते. घण अधूनमधून खाली ठेवता येतो.

आता कायद्याकडे वळू. कायदे नाहीत असे कोणी म्हणणार नाही. उलट ते इतके आहेत की नवल वाटावे. समान कामाला स्त्री-पुरुषांस समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान वेतनाचा १९५१ चा करार भारताने १९५८ साली मान्य केला. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. त्यातले तत्त्व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत घेण्यात आले. खाणीवर काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा १९६१ च्या कायद्याने दिली, आणि खाणीवर पाळणाघर असावे यासाठी १९६६ साली स्वतंत्र नियम निघाले. अपघाताच्या भरपाईचा कायदा तर १९२३ सालापासून होता.

पण या कायद्यांच्या डोळ्यांसमोर जी खाण होती ती बहुधा कोळशाची, बोगद्याची, मोठी खाण. बायकांनी जमिनीखाली काम करू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९३५ साली झाला, भारताने तो १९३८ साली स्वीकारला, आणि १९५२ च्या खाण कायद्याने तेच कायम करून वर रात्रीच्या कामालाही मनाई केली. २०१९ साली ही बंदी सैल झाली. हे संरक्षण होते की बायकांना कामातून काढण्याचा सभ्य मार्ग होता, यावर वाद घालता येईल, आणि आपल्या वक्तृत्वस्पर्धेत तो कोणी घालावाही. आमच्या आजीच्या बाबतीत तो वाद निरर्थक होता. तिची खाण उघडी. तिला कोणी जमिनीखाली पाठवले नाही आणि कोणी वर आहे म्हणून मोजलेही नाही. त्यातून १९५२ च्या त्याच कायद्यात अशी सूट होती की दगड, वाळू, मुरूम यांची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, पन्नासांहून अधिक माणसे नसतील आणि सुरुंग वापरत नसतील, तर बहुतेक कलमे तिला लागू नाहीत. म्हणजे खाण जितकी लहान, तितका कायदा लांब.

सरकारी भाषेत दगड, खडी, मुरूम, साधी वाळू यांना ‘गौण खनिज’ म्हणतात. १९५७ च्या खनिज कायद्यातला हा शब्द. लोखंड, मँगनीज, कोळसा ही मुख्य, दगड गौण. त्याचे परवाने जिल्ह्याच्या पातळीवर, त्याचे स्वामित्वधन ब्रासवर. स्वामित्वधन हा शब्द मला फार आवडतो. एका ब्रासमागे सरकारला किती मिळायचे ते कागदावर स्वच्छ लिहिलेले असते. त्या ब्रासमागे ती पाटी वाहणारीला किती, याचा रकाना त्या कागदावर नाही. गौण खनिजातली ती त्याहूनही गौण बाब.

याच मुंबईत समान वेतनाच्या कायद्याने एका स्त्रीला न्याय मिळाल्याचे उदाहरण आहे, आणि ते आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवतात. ऑड्री डी’कोस्टा या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा त्यांना पगार कमी. त्या भांडल्या, आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय त्यांच्या बाजूने दिला. हा निकाल वाचताना मला आनंद झाला, आणि लगेच एक शंकाही आली. डी’कोस्टाबाईंच्या हातात पगाराचा कागद होता. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पुरुषाचाही होता. दोन कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो. आजीने तुलना करायची ती कोणाशी? तिचा पगार पुरुषापेक्षा कमी नव्हता. तिला पगारच नव्हता. तिच्या कष्टाचे मोल आजोबांच्या मजुरीत विरघळून गेले होते, आणि विरघळलेल्या साखरेचे वजन कोणत्या तराजूने करणार?

आजोबांविषयी इथे एक वाक्य लिहिणे न्यायाचे होईल. ते वाईट नव्हते. शनिवारी पैसे आणून आजीच्या हातात ठेवायचे. कधी सारे, कधी उरलेले. पण ठेवायचे ते, आणि ठेवून घ्यायची ती. तो वार चुकला तर तिला विचारता येत असे, मागता येत नसे.

पुढे आजोबांची छाती भरू लागली. उपनगरातल्या खाणी एकामागून एक बंद होत गेल्या, आणि आमचे बिऱ्हाड जुहूच्या नेहरूनगरात आले. तेव्हा आजीने छिन्नी-हातोडा पिशवीत घातला आणि ती पार्ल्याच्या, जुहूच्या चाळींतून, बंगल्यांच्या मागच्या दारांतून ओरडत फिरू लागली: “पाट्याला टाकीऽऽ, वरवंट्याला टाकीऽऽ!” तरुण वाचकांना हा आवाज ठाऊक नसेल. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीने बारीक टाके घालून तो पुन्हा खरखरीत करणे याला टाकी लावणे म्हणतात. एका पाट्याला पाव-अर्धा तास. काम झाले की घरची बाई येऊन पाट्यावर हात फिरवून पाही आणि नाणी आजीच्या तळहातावर ठेवी. खडीच्या मानाने हा पैसा किती? चिल्लर. पण दुष्काळातल्या त्या अंगठ्यानंतर पहिल्यांदाच तो थेट तिच्या हातात येत होता. आईच्या शाळेची फी त्यातून भरली गेली, आणि आई दहावी झाली म्हणून मी आज या अंकात लिहिते आहे. मिक्सर आले आणि तेही काम गेले. मिक्सरवर माझा तसा राग नाही, आमच्या घरातही तो आहे.

हे सारे जुने झाले, आता काय त्याचे, असे कोणी म्हणेल. माझी मावशी पुण्याच्या पुढे नगर रस्त्याच्या बाजूला एका खाणीवर आहे. त्या भागात वाघोलीला ‘संतुलन’ या संस्थेने खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाणशाळा काढल्या, त्यांचे नाव महाराष्ट्रात पुष्कळांनी ऐकले असेल. मावशीच्या खाणीचे नाव मी लिहीत नाही. आता तिथे क्रशर आहे, पोकलेन आहे, हाताने खडी कोणी फोडत नाही. सुधारणा झाली म्हणायचे. पोकलेन चालवतो तो पुरुष, डंपर चालवतो तो पुरुष, क्रशरचा ऑपरेटर पुरुष. या तिघांनाही महिन्याचा पगार आहे. बायकांच्या वाट्याला उरले आहे ते धोंडे उचलून देणे, पट्ट्याखाली सांडलेला कच ओढणे आणि मागे राहिलेले डबर ट्रकमध्ये भरणे. आजही ब्रासवर, आजही जोडीने.

यंत्र आले की आधी बाईचे काम जाते, हे काही नवीन ज्ञान नाही. छत्तीसगडमध्ये दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणीत हाताने काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली तिथे १९७७ साली मजुरांची संघटना उभी राहिली, त्याच वर्षी पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसे मेली, आणि त्यांत अनसूयाबाई ही कामगार स्त्री होती. त्या संघटनेने यंत्रीकरणाला विरोध केला त्यामागे बायकांची रोजी हे एक मोठे कारण होते. तिथल्या बायका मोठ्या सरकारी कारखान्याच्या खाणीवर होत्या, संख्येने हजारो होत्या, म्हणून त्यांचा आवाज झाला. नगर रस्त्याच्या एका खाणीवर बायका असतात दहा-बारा. दहा-बारा जणींचा मोर्चा निघत नाही.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटे धोंड्याखाली सापडली. एक काढावे लागले. दवाखान्याचा खर्च झाला तो उचल म्हणून काकांच्या नावावर चढला. भरपाईची गोष्ट काढली तेव्हा मुकादम अगदी शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही आमच्याकडे कामालाच नाही. वही बघा.” वहीत खरोखरच नव्हती. सोळा वर्षे त्या खाणीवर होती, आणि वहीत नव्हती. तो खोटे बोलत नव्हता याचा मला अधिक राग आला.

त्या दिवसापासून माझ्या मनात असे बसले आहे की खाणीतल्या बाईच्या समानतेची चर्चा वेतनाच्या दरापासून सुरू करणे म्हणजे दुसऱ्या पायरीवर पहिले पाऊल टाकणे. आधी नाव पाहिजे. रजा हवी तर हजेरी दाखवा, भरपाई हवी तर हजेरी दाखवा, पाळणाघर हवे तर बायका किती ते दाखवा. सगळे कायदे त्या एका वहीच्या दारात येऊन थांबतात. आणि ही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे, कारण १९७२ साली ओसाड माळावर, तंबूत बसलेल्या सरकारी कारकुनाने ती केली होती. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला, १९७७ साली मंजूर झाला, आणि त्यात स्त्री-पुरुषांना एकच दर होता. दगड तोच, हातोडा तोच, बाईही तीच. सरकारी कामावर ती मजूर होती आणि खाजगी खाणीत ती मजुराची बायको झाली.

नावाच्याही पुढची गोष्ट तमिळनाडूत घडली. पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. तिथे दगडखाणींचे पट्टे कंत्राटदारांकडे आणि मजूर कर्जाने बांधलेले, अशी पिढ्यांची रीत. चुंकतबाईंनी खाणींचे पट्टे खाणीत राबणाऱ्या बायकांच्या गटांना द्यायला सुरुवात केली. हिशोब बायकांकडे आला, मिळकत वाढली, आणि ज्यांनी आजवर दगड विकताना कधी तोंड उघडले नव्हते त्या भाव ठरवू लागल्या. कंत्राटदारांनी विरोध केला, तो करणारच. याच जिल्ह्यात, याच सुमारास, हजारो बायका सायकल चालवायला शिकल्या. मावशीला हे मी वाचून दाखवले तेव्हा तिने सायकलीचे विशेष मनावर घेतले नाही. पट्टा बायकांच्या नावावर कसा झाला ते मात्र पुन्हा वाचायला लावले. “कलेक्टर बाई होती म्हणून,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आन् त्या बाया एक होत्या म्हणून.”

गेल्या दिवाळीनंतर मावशी आणि आणखी चार जणींनी मुकादमाला सांगितले की आमच्या पाट्या आम्ही निराळ्या लिहिणार. तो हसला, आणि लिहा म्हणाला, कोणी अडवले आहे. मावशीची मुलगी सातवीत आहे. रोज संध्याकाळी ती दोनशे पानी वहीत तारीख घालते, पाच नावे एकाखाली एक लिहिते आणि त्यांच्यापुढे खेपांचे आकडे भरते. नावे तिने पूर्ण लिहिली आहेत, आणि काकांच्या ऐवजी मावशीच्या नावापुढे तिच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या आजोबांचे नाव घातले आहे. तसे का, ते मी विचारले नाही. मार्चमध्ये मी गेले तेव्हा वहीची बावन्न पाने भरली होती. मुकादमाने ती अजून उघडून पाहिलेली नाही. पण शनिवारी पैसे वाटताना वही कुठे ठेवली आहे हे तो आधी बघून घेतो, असे मावशी सांगते.